नेम आपल्या पोट्ट्यांकडे आहे, हॉलची चावी कोणाकडे आहे?

थोडं लांब लिहितोय. मंडईचे दिवस आहेत, कोणाला वेळ नाही हे माहीत आहे. तरी रात्री नाटकाला निघायच्या आधी एकदा वाचून घ्या. पटलं नाही तर खाली शिव्या घाला, पण वाचून घाला.

गेल्या आठवड्यात सकाळी टपरीवर नेहमीची बैठक होती. एका मित्राचा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. शहरापासून दूर, खेड्यात राहतो. त्यानं मामाला एक व्हिडिओ पाठवला होता. कापणी झालेलं शेत, वरून बारीक पाऊस, वीस-पंचवीस माणसं. त्यात म्हातारे, बाया, शाळेतली दोन पोरं. एक यंत्र बशीसारखी चकती हवेत फेकतंय. उभा असलेला माणूस ओरडतो, "पुल!" धाड करून आवाज येतो आणि चकतीचा भुगा होतो. मग सगळे एका पत्र्याच्या शेडमध्ये चहा पितात. याला म्हणे क्ले पिजन शूटिंग म्हणतात. मातीच्या कबुतरावरची नेमबाजी. आणि हा त्या खेड्याचा क्लब.

एकानं विचारलं, "आपल्याइकडं असा क्लब काढला तर?"

दुसरा चहा खाली ठेवत म्हणाला, "काहून गा? आपल्याइकडं बंदुका का कमी होत्या का?"

सगळे हसले. मग एकदम कोणीच बोललं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस बंदुकीवरच्या विनोदावर हसतो आणि मग गप्प होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. शेवटी एक जण म्हणाला, जंगलाजवळच्या रिसॉर्टवाल्यांनी असं काही काढलं तर पर्यटक वाढतील, पोरांना काम मिळेल. त्यावर दोन तट पडले. मी तेव्हा काही बोललो नाही. आठ दिवस विचार केला, तो इथे मांडतोय.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

सुरुवातीला यात माती नव्हती. युरोप-अमेरिकेत जिवंत कबुतरं पेटीत कोंडायची, दोरी ओढून पेटी उघडायची आणि उडालेल्या पाखराला टिपायचं. त्या पेटीला म्हणायचे ट्रॅप, म्हणून खेळाचं नाव आजही ट्रॅप. दोरी ओढायला सांगायचं म्हणून "पुल!" १९०० साली पॅरिसला ऑलिंपिक झालं तेव्हा अशी जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली होती आणि त्यात शेकडो पाखरं मेली. त्याच्या वीस वर्षं आधी, १८८० मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या माणसानं भाजलेल्या मातीची उडती चकती काढली होती. पुढे हळूहळू तीच रूढ झाली आणि जिवंत पाखरं या खेळातून सुटली. पण अमेरिकेतल्या पॅसेंजर पिजन नावाच्या रानकबुतरांना उशीर झाला होता. एके काळी त्यांचे थवे आभाळ झाकायचे. शिकारीत आणि या असल्या स्पर्धांत ती संपत गेली. शेवटचं कबूतर १ सप्टेंबर १९१४ ला मेलं, तेही त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात. आजच्या चकतीत माती नसतेच. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी असते. ११० मिलिमीटर व्यास, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. नाव मात्र मातीचं कबूतर असंच राहिलं.

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजायला जड नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात. खरा बैल गोठ्यात आराम करतो, सोहळा लाकडाचा बैल सांभाळतो. मातीचं कबूतर तसंच आहे. खेळ राहिला, जीव वाचला. बंदुकीच्या इतिहासात मला तरी ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

पण व्हिडिओत माझं लक्ष बंदुकीपेक्षा दुसरीकडेच गेलं. म्हणून मित्राकडून भाच्याचा नंबर घेतला आणि त्याच्याशी बोललो. त्याला विचारलं, बाबू, हे सगळं चालवतं कोण? त्यानं सांगितलं ते असं.

शेत एका शेतकऱ्याचं आहे, तो रविवारी वापरायला देतो. यंत्र वर्गणीतून घेतलं. गुण लिहायची पाळी ठरलेली असते, चहाची पाळी ठरलेली असते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी बंदूक हातात मिळत नाही, नियम ऐकावे लागतात. दोन नळ्यांची बंदूक चालताना कायम मधून उघडी ठेवायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबून कोणालाही दिसतं. गोळी भरायची ती ठरलेल्या जागी उभं राहिल्यावरच. नळी चुकूनही माणसाकडे वळली तर त्या दिवशी घरी जायचं, मग तो क्लबचा अध्यक्ष का असेना. शेवटी सगळ्यांनी मिळून रिकामी काडतुसं वेचायची. आणि सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आहेत, त्यांना आता नीट दिसत नाही. ते बंदूक धरत नाहीत, फक्त येतात आणि वहीत टिपणं करतात. घरी एकटेच असतात. एका रविवारी आले नाहीत तर दोन माणसं त्यांच्या घरी बघायला गेली.

हे ऐकलं आणि वाटलं, हा तर आपल्या नाटक मंडळाचाच प्रकार आहे. फक्त आपल्या हातात बंदुकीऐवजी तिकिटाचं पुस्तक असतं.

तो मुद्दा पुढे घेतो. आधी आपल्या जिल्ह्यांतल्या बंदुकीचं बोलू, कारण ते टाळून हा विषय बोलता येत नाही.

आपल्याकडे बंदूक चार दारांनी आली.

पहिली आली शिकारीची. साहेब लोकांची, जमीनदारांची, नंतर परवाना काढून येणाऱ्या हौशी लोकांची. हाका घालायला माणसं आपली, फोटो त्यांचा. ताडोबात १९३५ ला शिकार बंद झाली, १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं. बाकी जंगलात ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत चालली.

दुसरी बंदूक पीक राखायची. रानडुकरं रात्रीतून धानाची बांधी लोळवून जातात, म्हणून परवाना काढलेली. माझ्या एका मित्राच्या बाबांकडे होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. तिनं डुक्कर मेल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही, पण मचाणावर ती शेजारी असली की बाबांना झोप चांगली लागायची. आता तर रानडुकरासाठी बंदूक लागतच नाही, काही जण बांधीच्या कडेनं जिवंत तार सोडून देतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि सकाळी पाणी बघायला गेलेला शेजारीही मरतो. त्या बातम्या मीच लिहिल्यात.

तिसरी भरमार. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. गावातच बनलेली, आजोबाकडून नातवाकडे आलेली, परवाना नसलेली. शिकारीला वापरली, पुढे दलमच्या लोकांनीही ती गावकऱ्यांच्या हातात ठेवली. त्या एका बंदुकीपायी किती घरांनी दोन्हीकडून मार खाल्ला याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. नंतर गावोगावच्या लोकांनी त्या स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या.

चौथी बंदूक गणवेशातली, इकडची आणि तिकडची. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ जवान गेले आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. महाराष्ट्र दिनाची बातमी लिहून मी जेवायला बसणार होतो. पुढचे दोन दिवस काय खाल्लं आठवत नाही. मग १५ ऑक्टोबर २०२५ आला. भूपतीनं सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्या दिवशी बरेच लोक आनंदानं बोलले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण अहेरीकडच्या एका म्हाताऱ्या आईनं मला जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "बंदूक खाली ठेवली ते बरं केलं जी. आता पोरगं संध्याकाळी करन का?"

या पोस्टमध्ये मी तिच्याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

आता टपरीवरच्या सूचनेकडे येतो. जंगलाजवळ क्ले पिजनचा क्लब काढावा का? माझं मत स्पष्ट आहे. काढू नये. कारणं तीन.

एक, शिसं. ऑलिंपिकच्या खेळात एका काडतुसात २४ ग्रॅम शिशाचे छर्रे असतात. एका फेरीत २५ चकत्या. म्हणजे एका माणसानं एकेकच गोळी झाडली तरी एका फेरीत ६०० ग्रॅम शिसं जमिनीत जातं. दहा माणसांचं झालं ६ किलो, एका सकाळचं. आपल्याकडे जमीन म्हणजे धानाची बांधी, बोडी आणि मामा तलाव. बदकं खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेनं मरतात, हे जगभर अभ्यासलं गेलंय. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी आणि तिच्या आसपास शिशाचे छर्रे झाडायला बंदी घातली. तिकडचे लोक जे सोडतायत ते आपण पर्यटनाच्या नावाखाली आणू नये. ज्या खेळानं कबुतराला वाचवलं, त्यानं आपल्याकडे बदकं मारावीत हे काही बरोबर नाही.

दोन, आवाज. बफरमधल्या गावात दिवसभर बारा बोअरचा आवाज येत राहिला तर उद्या खरा शिकारी आला तेव्हा तो ओळखायचा कसा? रात्रंदिवस पायी फिरणाऱ्या वनरक्षकाला जंगलातला धाड हा एकच आवाज पुरतो. तो आवाज रोजचा करून टाकला की त्याचा अर्थ गेला. आणि ज्या गावांनी वीस-तीस वर्षं त्या आवाजानं दारं लावून घेतली, त्यांना आता सांगायचं का, की घाबरू नका, हे पाहुणे मजा करतायत?

तीन, खेळणार कोण? शॉटगनला शस्त्र परवाना लागतो. प्रत्येक गोळीला एक काडतूस जातं, ते परत वापरता येत नाही. भारतात हा खेळ राजवाड्यातून आला. बिकानेरचे महाराज कर्णी सिंह पाच ऑलिंपिक खेळले, १९६२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य आणलं. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं, ते फौजेतले अधिकारी. दोघांबद्दल आदर आहे. पण आपल्या आश्रमशाळेतल्या पोराला त्या रिसॉर्टच्या क्लबात काय मिळेल? चकत्या फेकायच्या यंत्रावर बसायचं काम. म्हणजे पुन्हा हाका आपलाच, फोटो त्यांचाच.

मग विषय संपला का? नाही. इथूनच सुरू होतो.

कारण नेमबाजी म्हणजे फक्त शॉटगन नाही. १० मीटर एअर रायफल नावाचा एक प्रकार आहे. हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा बारीक छर्रा सुटतो आणि समोरच्या पेटीत अडतो. शिसं जमिनीत जात नाही, गोळा करून ठेवता येतं. आवाज दार बंद केल्यावर बाहेर जात नाही. ठरलेल्या मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. जागा किती लागते? दहा मीटर आणि मागे उभं राहायला थोडी. शाळेच्या दोन वर्गखोल्यांमधली भिंत काढली तरी होते. आणि सोपं समजू नका. रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो मधला ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनानं कागदावर टिंब दिलं तर ते बहुधा त्याहून मोठं होईल.

आता आठवा आपलं लहानपण. गुलेल नव्हती असं पोट्टं होतं का आपल्यात? पेरूची दुबेळकी फांदी, सायकलच्या ट्यूबचे पट्टे, चपलेचं कातडं. मी सातवीत असताना एक होला पाडला होता. पडल्यावर त्याच्या डोळ्यावर पांढरी पापणी आली, ती अजून दिसते. त्यानंतर मी गुलेल चिंचांवर चालवली. पण नेम होता. माझ्यापेक्षा चांगला नेम असलेले दहा जण वर्गात होते. भामरागड-एटापल्लीकडची पोरं तर तीरकमठा धरूनच मोठी होतात. हा नेम वाया गेला, कारण त्याला पुढे न्यायला कुठला रस्ता नव्हता.

कोल्हापूरला रस्ता होता. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं. आणि स्वप्नील कुसाळे बघा. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. वडील शिक्षक. क्रीडा प्रबोधिनीच्या नाशिक केंद्रात गेला, रेल्वेत टीसीची नोकरी करत सराव केला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्रातल्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि तेही एका डोंगरी खेड्यातल्या पोरानं आणलं. राधानगरीलाही जंगल आहे. तिथेही गवे पीक खातात. फरक एवढाच की तिथल्या पोराला वेळेवर दार उघडं सापडलं.

आणखी एक. देशातल्या नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष कोण होते माहीत आहे? लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. १९५१ ची गोष्ट. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी पात्रता स्पर्धा असते ती आजही त्यांच्या नावानं भरते. हा खेळ नुसता राजेरजवाड्यांचा राहू नये, साध्या माणसाच्याही हाती यावा, हा विचार एका मराठी माणसाच्या नावानं अजून चालू आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र तो पोचला नाही.

कोणी म्हणेल, आपली पोरं तिथपर्यंत जातील का? हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यात विचारू नका. मे २०१८ मध्ये आपल्याच आदिवासी आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. जिवती-राजुऱ्याकडच्या पोरांनी त्याआधी बर्फ पाहिला नव्हता. शिकवलं, सोबत राहिले, सामान दिलं आणि ती वर गेली. पोरांच्या अंगात कमी कधीच नव्हती.

मग कमी काय आहे? आता मूळ मुद्द्यावर येतो.

एका तालुक्याच्या ठिकाणी (नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक इमारतीचं सोडून माणसांचं बोलायला लागतात) खेळासाठी बांधलेला हॉल आहे. चांगला आहे. वर पत्रा, खाली फरशी, पंखेही आहेत. मी गेल्या वर्षभरात चार वेळा गेलो. चारही वेळा कुलूप. पहिल्यांदा कळलं, चावी साहेबांकडे आहे. दुसऱ्यांदा, साहेब मिटिंगला गेलेत. तिसऱ्यांदा, आत सामान ठेवलंय. चौथ्या वेळी मी खिडकीच्या फटीतून बघितलं, तर आत खुर्च्यांची चळत आणि तिच्यावर कबुतरांची विष्ठा. खरी कबुतरं, मातीची नव्हे. आणि बाहेर डांबरी रस्त्यावर खडूच्या रेषा ओढून पोट्टे कबड्डी खेळत होते. गुडघे फुटलेले. कबुतरांना हॉल आणि पोरांना डांबर, असा आपला क्रीडा विकास.

आपण इमारतीला पैसा आणतो, फीत कापतो, फोटो टाकतो. मी स्वतः असे फोटो छापलेत, माझीही चूक आहे. पण चावी कोणाच्या खिशात राहणार, संध्याकाळी सहाला दार कोण उघडणार, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडच्या त्या खेड्यात इमारत नाहीच, पत्र्याची शेड आहे. पण पाळीची यादी आहे.

आता सांगा, पाळीची यादी आपल्याला येत नाही का?

हा सीझन बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. दोनशे घरांचं गाव वडसा-देसाईगंजच्या कंपनीचं नाटक ठरवतं. इसारा देणं, परवानगी, मंडप, लाईट, जनरेटर, तिकिटं, बायांची वेगळी बैठक, पाहुण्यांचं जेवण, रात्री नऊपासून पहाटेपर्यंत हजारो माणसांची गर्दी सांभाळणं, आणि नंतर सगळ्यांसमोर हिशोब वाचणं. कोणी अनुदान देत नाही, कोणी ट्रेनिंग देत नाही. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जे गाव रात्रभराचं नाटक सांभाळतं, त्याला दहा मीटरची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवता येणार नाही, असं मला कोणी पटवून दाखवावं.

आणि चावी गावाच्या हातात दिली की काय होतं, याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९ ला त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक पास सरकारकडेच होता. म्हणजे हॉल बांधून दिला आणि चावी ठेवून घेतली. एप्रिल २०११ मध्ये त्या पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं तेव्हा खरा हक्क मिळाला. गावानं बांबू तोडला, विकला, हिशोब ठेवला. जंगल बुडालं नाही. बुडेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी नंतर काय म्हटलं ते विचारायला मला आवडलं असतं.

एक आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. टपरीवर कोणी घेतला नाही, घरी बायकोनं घेतला. ती म्हणाली, "ज्या पोरांनी बंदुकीपायी माणसं गेलेली पाहिली, त्यांच्याच हातात तुम्ही रायफल देणार? हवेची असली म्हणून काय झालं?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तिचं चुकीचं नव्हतं. आजही सगळं उत्तर माझ्याकडे नाही. जेवढं आहे तेवढं सांगतो. आपल्या पोरांनी आजवर जी बंदूक पाहिली ती दुसऱ्यानं धरलेली, आणि तिच्यापुढे गप्प बसायचं असतं एवढंच ती शिकली. क्लबात उलटं आहे. तिथे नियम सगळ्यांना सारखा. तिथे चौदा वर्षांची पोरगी ठाणेदाराला सांगू शकते, साहेब, नळी खाली करा, नाहीतर बाहेर जा. तिथे श्वास रोखून, नाडीचे ठोके ओळखून, दोन ठोक्यांच्या मध्ये बोट दाबायला शिकवतात. रागावलेल्या माणसाचा नेम तिथे लागतच नाही. तरीही ज्या घराला नको असेल त्यांनी पाठवू नये, त्यांना धनुर्विद्या आहे, कबड्डी आहे. ज्या घरातलं माणूस गोळीनं गेलं, त्या घराला हा खेळ समजावून सांगायला मी जाणार नाही. तेवढी लाज ठेवली पाहिजे.

पोलिसांबद्दलही बोलतो. गडचिरोली पोलीस वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावानं कबड्डी आणि बिरसा मुंडांच्या नावानं व्हॉलीबॉल स्पर्धा घेतात. दुर्गम गावांतली पोरं त्यात खेळतात, चांगलंच आहे. पण स्पर्धा दोन दिवसांची असते, क्लब बारा महिन्यांचा असतो. आणि बारा महिन्यांचं काम गणवेशाच्या अंगणात होऊ नये, गावाच्या अंगणात व्हावं. मदत त्यांची जरूर घ्यावी. चावी मात्र गावाकडे राहावी.

मग माझी मागणी काय? मोठी नाही.

पहिलं, दोन्ही जिल्ह्यांत सुरुवातीला एकेकच जागा निवडा, जिथे हॉल किंवा रिकामी वर्गखोली आधीच आहे. नवी इमारत नको. इमारतीत दोन वर्षं जातात आणि पोरगं अठराचं होतं.

दुसरं, चावी आणि पाळीची वही स्थानिक समितीकडे द्या. समितीत निम्म्या बाया असाव्यात. हिशोब दर महिन्याला दारावर लावा.

तिसरं, जिल्ह्यातले निवृत्त फौजी आणि एनसीसीचे जुने लोक शोधा. प्रत्येक तालुक्यात असे दोघं-चौघं सापडतील. त्यांना बैल राखायला ठेवलंय आपण. राज्य संघटनेकडून रीतसर मान्यता घ्या, शिकवणाऱ्याला प्रशिक्षण द्या.

चौथं, पहिला महिना रायफल नाही. उभं राहणं, श्वास आणि नियम, एवढंच. रायफली रात्री लोखंडी कपाटात, त्याच्या दोन चाव्या दोन घरी.

पाचवं, क्रीडा विभागानं आधी एवढंच जाहीर करावं की दोन्ही जिल्ह्यांत खेळाचे किती हॉल आहेत आणि गेल्या महिन्यात त्यातला प्रत्येक किती संध्याकाळी उघडला. आम्ही पत्रकार मंडळी ते छापू, पहिल्या पानावर. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकीन, जसं येईल तसं.

अहेरीकडच्या त्या आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. "पोरगं संध्याकाळी करन का?" या प्रश्नाला रस्ता झाला, टॉवर झाला, खाण झाली, कारखाना येतोय, ही उत्तरं पुरत नाहीत. ती दिवसाची उत्तरं आहेत. संध्याकाळी सहा ते आठ गावात उघडं काय असतं? दारूचं दुकान उघडं असतं, मोबाईल उघडा असतो, कोंबडबाजार असेल तर तोही. ते दोन तास आपण पोरांना देऊ शकलो नाही तर दुसरं कोणीतरी देईल. आधी कोणी दिले होते ते आपण विसरलेलो नाही.

तुमच्या गावात असा बंद हॉल असेल तर कमेंटमध्ये गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका. माणसाचं नाव नको, नुसतं गाव. कुलपाचा फोटो असेल तर उत्तम. कोणी निवृत्त सुभेदार वाचत असतील तर त्यांनी मला इनबॉक्समध्ये निरोप द्या.

आणि भाच्याला मी एक काम सांगितलंय. त्या आजोबांच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठव म्हटलं. रकाने कसे पाडलेत तेवढं बघायचंय. बाकी आपण आपलं करून घेऊ.